कर्ट फ्लड : बदली नाकारणारा सेंटर फिल्डर

मिसिसिपीकाठी (धागाकर्ता)

परवा आयपीएल लिलावाच्या चर्चेत मी ओझरतं अमेरिकन बेसबॉलपटू कर्ट फ्लडचं नाव घेतलं आणि तिघाचौघांनी "हा कोण?" म्हणून विचारलं. एका प्रतिसादात मावणार नाही एवढं सांगायचं आहे, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी गेली अकरा वर्षं सेंट लुईसमध्ये राहतो. कार्डिनल्स हा इथला घरचा संघ. उन्हाळ्यात वाणसामानाच्या दुकानात, न्हाव्याकडे, जिकडे बघावं तिकडे लाल टोप्या. बेसबॉल मला शिकवला तो ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने. १९६८ साली तो आठ वर्षांचा होता. त्याने मला पहिलं नाव सांगितलं ते ना कुठल्या पिचरचं (चेंडू टाकणाऱ्याचं), ना लांब लांब होमरन मारणाऱ्याचं. फ्लडचं सांगितलं.

फ्लडबद्दल जिथे वाचाल तिथे खटल्याची हकिगत असते. ती महत्त्वाची आहेच, खाली येईल. पण माझं म्हणणं असं की आधी त्याचं मैदानावरचं काम बघायला हवं. नाहीतर त्याने नक्की काय पणाला लावलं ते कळतच नाही.

जन्म १८ जानेवारी १९३८, टेक्सासमधलं ह्यूस्टन. लहानपण कॅलिफोर्नियात, ओकलंडच्या पश्चिम भागात. तिथल्या मॅक्लायमंड्स हायस्कूलमधून त्या काही वर्षांत फ्रँक रॉबिन्सन, व्हेडा पिन्सन आणि फ्लड असे तीन आउटफिल्डर मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये, गेले. बास्केटबॉलचा बिल रसेलही त्याच शाळेचा. १९५६ मध्ये सिनसिनाटीच्या संघाने फ्लडला वर्षाला ४००० डॉलरवर घेतलं आणि खालच्या लीगमध्ये खेळायला दक्षिणेत पाठवलं, आधी नॉर्थ कॅरोलिना, मग जॉर्जियातलं सव्हाना. अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा. संघ ज्या हॉटेलात जेवायचा तिथे त्याला आत प्रवेश नाही, बाकीचे उतरायचे तिथे त्याला खोली नाही. पुढे त्यानेच सांगितलेली एक आठवण आहे. एकाच दिवशी लागोपाठ दोन सामने होते. पहिला संपल्यावर सगळ्यांनी घामाचे कपडे एका ढिगात टाकले. यानेही टाकले. कपडे सांभाळणाऱ्या माणसाने लांब काठीने याचे तेवढे वेगळे उचलले आणि गावातल्या कृष्णवर्णीयांच्या लाँड्रीत पाठवले. ते परत येईपर्यंत हा उघडा बसून राहिला.

डिसेंबर १९५७ मध्ये सिनसिनाटीने त्याला कार्डिनल्सला देऊन टाकलं. त्याला कुणी विचारलं नाही. विचारायची रीतच नव्हती. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता.

आता सेंटर फील्ड म्हणजे काय ते थोडं सांगतो. मैदानाच्या मागच्या भागात तिघे आउटफिल्डर उभे असतात, डावा, उजवा आणि मधला. मधल्याच्या वाट्याला सगळ्यात मोठी जमीन. क्रिकेटमध्ये सीमारेषेवर झेल सुटला तर चौकार जातो, विषय संपतो. इथे चेंडू डोक्यावरून गेला की बेसवर (धावेच्या टप्प्यांवर) उभे असलेले सगळे पळत सुटतात, आणि एका चेंडूवर दोन-तीन धावा लागतात. त्यामुळे बॅटचा आवाज आल्याआल्या पहिलं पाऊल पुढे टाकायचं की मागे, हा निर्णय म्हणजेच सेंटर फिल्डरचा निम्मा खेळ. फ्लड उंचीने बेताचाच, पाच फूट नऊ इंच. पण त्याचं ते पहिलं पाऊल चुकायचं नाही. भिंतीशी जाऊन, उडी मारून, पार पलीकडे जाणारे चेंडू तो काढायचा. १९६६ च्या संपूर्ण हंगामात त्याच्या नावावर एकही एरर, म्हणजे क्षेत्ररक्षणातली चूक, नाही. तो हंगाम धरून सलग २२६ सामने एररशिवाय. १९६३ ते १९६९ सलग सात गोल्ड ग्लव्ह (उत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार). आणि लक्षात घ्या, याच काळात याच लीगमध्ये विली मेजसारखा नामांकित सेंटर फिल्डर खेळत होता.

बॅटिंगही होती. १९६४ मध्ये २११ हिट्स (बेस गाठून देणारे फटके), रोबेर्तो क्लेमेंतेबरोबर लीगमध्ये संयुक्त पहिला. १९६७ मध्ये सरासरी ०.३३५, म्हणजे शंभरात साधारण ३३ वेळा हिट. १९६८ हे तर पिचरांचं वर्ष म्हणूनच ओळखलं जातं. त्या वर्षी अख्ख्या नॅशनल लीगमध्ये पाच जणांनी ०.३०० ओलांडले, त्यांत हा एक. त्याच्या काळात कार्डिनल्सनी १९६४ आणि १९६७ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली.

आणि मग १० ऑक्टोबर १९६८. वर्ल्ड सिरीजचा सातवा, निकालाचा सामना, सेंट लुईसमध्येच, समोर डेट्रॉइट टायगर्स. आपला बॉब गिब्सन पिचर, त्यांचा मिकी लोलिच. नऊपैकी सातव्या इनिंगपर्यंत ०-०. दोन बाद, बेसवर दोघे. जिम नॉर्थरपने सेंटर फील्डकडे चेंडू मारला. फ्लड आधी पुढे आला, मग उमगलं की चेंडू मागे जातोय, वळताना पाय घसरला आणि चेंडू डोक्यावरून गेला. दोन धावा. सामना ४-१ ने गेला, सिरीज गेली. ज्याचं पहिलं पाऊल चुकत नाही असं सगळे म्हणायचे त्याचं ते तिथे चुकलं. इनिंग संपल्यावर त्याने गिब्सनकडे जाऊन चूक कबूल केली. गिब्सनने त्याला दोष दिला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

माझा सहकारी त्या दिवशी घरी रेडिओजवळ बसून होता. तो म्हणतो, वडिलांनी रेडिओ बंद केला आणि जेवायला बसले. फ्लडबद्दल वावगा शब्द काढला नाही.

वर्षभराने, ऑक्टोबर १९६९ मध्ये, क्लबच्या ऑफिसातल्या एका दुय्यम अधिकाऱ्याचा फोन आला. तुला फिलाडेल्फियाला दिलंय. बारा वर्षं एका शहरात, त्याच शहरात घर, धंदा. पगार ९०,००० डॉलर, म्हणजे त्या काळात वरच्या रांगेतला. फिलाडेल्फियाचा संघ त्या वर्षी ९९ सामने हरला होता. त्याच्यासोबत टिम मॅकार्व्हर आणि आणखी दोघे तिकडे, आणि तिकडून डिक अॅलन आणि दोघे इकडे. बाकीच्यांनी सामान बांधलं. फ्लडने २४ डिसेंबरला बेसबॉलचे कमिशनर बोवी कून यांना पत्र लिहिलं. आशय असा, की बारा वर्षं खेळल्यावर मी माझ्या इच्छेविरुद्ध विकण्या-घेण्याची वस्तू आहे असं मला वाटत नाही, आणि दुसऱ्या क्लबांकडूनही प्रस्ताव ऐकायचा मला हक्क आहे.

कमिशनरांनी नकार दिला. १६ जानेवारी १९७० ला खटला दाखल झाला. कायद्याची बाजू इथल्या कुणा वकिलाने समजावून सांगितली तर बरं होईल.

---

मोगरा

छान लिहिलंय. कपड्यांच्या प्रसंगाशी थांबून गेले, पुढचं वाचायला वेळ लागला.

---

दादर_टीटी

वाचतोय. बेसबॉलमधलं काही कळत नाही, पण पहिल्या पावलाचं लगेच समजलं. आमच्याकडे शिवाजी पार्कवर डीपला उभं राहायचो तेव्हा सर हेच सांगायचे, आधी पाय हलव, हात नंतर. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

एक शंका. ट्रेड तर आयपीएलमध्येही होतात. हार्दिक पंड्या २०२३ मध्ये गुजरातहून मुंबईला आला. मग फ्लडच्या वेळी एवढं काय झालं?

---

मिसिसिपीकाठी

दादर_टीटी, फरक संमतीचा आहे. आयपीएलमध्ये ट्रेड करायचा तर खेळाडूचा होकार लागतो. लिलावात कोण बोली लावेल ते त्याच्या हातात नसतं, हे खरं, पण तो करार ठरावीक मुदतीचा असतो. फ्लडचा करार कागदावर एका वर्षाचा होता आणि व्यवहारात जन्माचा.

---

अॅड_विदर्भ

नागपूरला तीस वर्षं वकिली केली, कामगार कायद्याची जास्त. धागाकर्त्यांनी विचारलं आहे म्हणून लिहितो. थोडं लांबेल.

या सगळ्याच्या मुळाशी रिझर्व्ह क्लॉज नावाचं एक कलम होतं. पद्धत १८७९ पासूनची. करार संपला आणि नव्या रकमेवर एकमत झालं नाही, तर क्लब तोच करार आणखी एका वर्षासाठी वाढवू शकतो, असं ते कलम. मालकांचा अर्थ असा, की वाढवलेल्या करारातही हेच कलम आहे, म्हणून तो पुन्हा वाढवता येतो, पुन्हा, पुन्हा. खेळाडूकडे दोनच वाटा. त्या क्लबसाठी खेळ किंवा खेळणं सोड. आणि क्लबला वाटलं तर तो हा हक्क दुसऱ्या क्लबला देऊन टाकणार, तोच ट्रेड.

कुठल्याही इतर धंद्यात सगळ्या मालकांनी एकत्र येऊन "एकमेकांची माणसं घ्यायची नाहीत" असं ठरवलं असतं, तर अमेरिकेच्या मक्तेदारीविरोधी कायद्यात ते अडकले असते. पण १९२२ मध्ये न्या. होम्स यांनी निकाल दिला होता की बेसबॉलचे सामने हा आंतरराज्य व्यापार नाही, म्हणून तो कायदा लागूच होत नाही. १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच निकाल कायम ठेवला. गंमतीचा भाग नाही, गंभीरपणे सांगतो, मुष्टियुद्धाला आणि फुटबॉलला मात्र त्याच न्यायालयाने १९५५ आणि १९५७ मध्ये ही सवलत नाकारली. सवलत एकट्या बेसबॉलला.

फ्लडच्या बाजूने आर्थर गोल्डबर्ग उभे राहिले. ते स्वतः सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश. साक्षीला माजी खेळाडू जॅकी रॉबिन्सन आले, हँक ग्रीनबर्ग आले. तेव्हा खेळत असलेला एकही खेळाडू आला नाही. खालच्या कोर्टात हरले, अपिलात हरले. १९ जून १९७२ ला सर्वोच्च न्यायालयातही ५ विरुद्ध ३ ने हरले. नववे न्या. पॉवेल बाजूला झाले होते, कारण त्यांच्याकडे अनहायझर-बुश कंपनीचे शेअर होते आणि कार्डिनल्स संघ त्या कंपनीच्या मालकीचा. न्या. ब्लॅकमन यांनी निकालपत्राच्या सुरुवातीला जुन्या खेळाडूंच्या नावांची मोठी यादी दिली आहे. मग मान्य केलं आहे की ही सवलत विसंगत आहे. आणि शेवटी म्हटलं आहे की इतकी वर्षं चालत आलेली गोष्ट बदलायची तर ती काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, बदलावी. पूर्वीच्या निकालाला चिकटून राहण्याचं तत्त्व मलाही मान्य आहे, त्यावर माझं पोट चाललं. पण चूक आहे असं स्वतः लिहून ती तशीच ठेवायची, हे मला आजही पटत नाही.

आपल्याकडे कायदा निराळा आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ सांगतं की माणसाला त्याचा व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. आणि २०१३ मध्ये स्पर्धा आयोगाने बीसीसीआयला ५२.२४ कोटींचा दंड केला, तो दुसऱ्या लीगला मान्यता न देण्याच्या कलमावरून. म्हणजे क्रिकेट हा खेळ आहे म्हणून आयोगाने हात आखडता घेतला नाही. इंग्लंडमध्ये केरी पॅकरच्या बंडखोर क्रिकेट मालिकेच्या प्रकरणातही १९७७ मध्ये न्यायालयाने खेळाडूंवरची बंदी बेकायदा ठरवली होती.

---

सह्यकडा

वकीलसाहेब, हा प्रतिसाद जपून ठेवलाय.

पण मला एक खटकतं, आणि रागाने नाही विचारत. १९७१ मध्ये फ्लड वॉशिंग्टन सेनेटर्सकडे १,१०,००० डॉलरवर आला, म्हणजे आधीपेक्षा जास्त पगारावर. आणि एप्रिलमध्येच, १३ सामने खेळून, देश सोडून स्पेनला निघून गेला. ज्यांनी त्याला पुन्हा उभं केलं त्यांना ऐन हंगामात सोडणं योग्य होतं का? तत्त्वासाठी लढणाऱ्याकडून मी जास्त अपेक्षा ठेवतो.

---

मिसिसिपीकाठी

सह्यकडा, प्रश्न रास्त आहे. मी बराच काळ याच प्रश्नापाशी अडकलो होतो.

१९७० चा सगळा हंगाम तो खेळला नाही. तेहतीस वर्षांचा झाला होता. सेंट लुईसमधला फोटोंचा धंदा बुडाला होता, संसार मोडला होता. सेनेटर्ससाठी ३५ वेळा बॅटिंगला आला, हिट्स सात. बॅटिंगचं एक वेळ सोडा. ज्यांनी त्याला तेव्हा पाहिलं त्यांना तो सेंटर फील्डमध्येही पूर्वीचा वाटला नाही. दीड वर्षात ते पहिलं पाऊल गेलं होतं. त्याचं निघून जाणं संघासाठी वाईट होतं, हे मी नाकारणार नाही. पण तो पैशासाठी टिकून राहिला असता, तर कदाचित वर्षभर पगार घेत बेंचवर बसला असता. तेही त्याला जमलं नाही.

आणि किंमत किती आहे हे त्याला आधीच सांगितलं गेलं होतं. खेळाडू संघटनेचे मार्व्हिन मिलर हे पोलाद कामगारांच्या युनियनमधून आलेले अर्थतज्ज्ञ. त्यांनी त्याला स्पष्ट सांगितलं की जिंकण्याची शक्यता नगण्य आहे, आणि हरलास किंवा जिंकलास तरी बेसबॉलमध्ये तुला पुन्हा कुणी प्रशिक्षकाचंही काम देणार नाही. फ्लडने विचारलं, बाकीच्यांना आणि पुढे येणाऱ्यांना याचा उपयोग होईल का? मिलर हो म्हणाले. तेवढ्यावर तो तयार झाला. मग सान हुआनमध्ये संघटनेच्या प्रतिनिधींची बैठक झाली. तिथे एकाने त्याला विचारलं की तू कृष्णवर्णीय आहेस म्हणून हे करतोयस का. तो म्हणाला, त्यामुळे मला हे जास्त टोचतं हे खरं, पण मी हे सगळ्या खेळाडूंसाठी करतोय. २५ विरुद्ध ० मतांनी पाठिंबा मिळाला.

तेच २५ जण नंतर कोर्टात दिसले नाहीत, हे मला जास्त खटकतं.

---

मोगरा

माझे आजोबा गिरणीत होते. संपात पुढे असलेल्यांना नंतर कुणी कामावर घेतलं नाही, हे घरात इतक्या वेळा ऐकलंय की तुमचा हा शेवटचा परिच्छेद वाचताना चेहरेच डोळ्यांपुढे आले. सह्यकडा, माणूस लढून झाल्यावर कसा वागतो यावरून लढाई मोजू नये, असं मला वाटतं. तोवर तो संपलेला असतो.

---

सह्यकडा

मोगरा, पटलं. माझा शब्द मागे घेत नाही, पण वजन कमी करतो.

मग पुढे कायदा बदलला कसा? हरूनही?

---

अॅड_विदर्भ

कोर्टातून नाही, लवादातून. खटला चालू असतानाच संघटनेने करारात तंट्यांसाठी त्रयस्थ लवाद मिळवला होता. १९७५ मध्ये अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅक्नॅली या पिचरांनी नव्या करारावर सही न करता वर्ष काढलं. २३ डिसेंबर १९७५ ला लवाद पीटर साइट्झ यांनी निर्णय दिला की "एक वर्ष" याचा अर्थ एकच वर्ष. कलम तेच, शब्द तेच. मालकांनी साइट्झना लगेच काढून टाकलं, पण निर्णय टिकला. फ्री एजन्सी, म्हणजे करार संपल्यावर खेळाडूने हवा तो क्लब निवडणं, तिथून सुरू झाली.

त्याआधी १९७३ मध्ये एक नियम आला होता. दहा वर्षं मेजर लीगमध्ये आणि त्यांतली शेवटची पाच एकाच क्लबकडे असतील, तर खेळाडू ट्रेड नाकारू शकतो. फ्लडची बारा वर्षं होती, सगळी कार्डिनल्सकडे. हा नियम चार वर्षं आधी असता तर खटल्याची गरजच पडली नसती. आणि काँग्रेसने १९९८ मध्ये कायदा केला, त्याला नाव दिलं कर्ट फ्लड अॅक्ट. मेजर लीगच्या खेळाडूंच्या नोकरीपुरती ती जुनी सवलत गेली.

---

मिसिसिपीकाठी

तो कायदा बघायला फ्लड नव्हता. २० जानेवारी १९९७ ला लॉस एंजेलिसमध्ये घशाच्या कर्करोगाने गेला. एकोणसाठ वर्षांचा. मधल्या काळात स्पेनच्या मायोर्का बेटावर बार चालवला, दारूच्या आहारी गेला, मग ओकलंडला परतला आणि सावरला. १९७८ मध्ये ओकलंड एज संघाच्या सामन्यांचं समालोचन केलं. संघात मात्र त्याला कुणी काम दिलं नाही. मिलरचं ते भाकीत तंतोतंत खरं ठरलं.

---

दादर_टीटी

बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात) आहे ना?

---

मिसिसिपीकाठी

नाही. पत्रकारांच्या मतदानात ७५ टक्के मतं लागतात, तो त्याच्या जवळपासही कधी गेला नाही. कारकीर्दीची सरासरी ०.२९३, हिट्स १८६१. आकडे कमी पडतात असं सांगतात. पण ते एकतिसाव्या वर्षी जवळजवळ थांबले म्हणून कमी आहेत, आणि ते का थांबले हे आता आपल्याला माहीत आहे. मिलर २०२१ मध्ये आत गेले, मृत्यूनंतर. ज्याच्या बदल्यात फ्लडला दिलं तो डिक अॅलन २०२५ मध्ये आत गेला, तोही मृत्यूनंतर. दोघांची पात्रता मला मान्य आहे. फ्लड कार्डिनल्सच्या स्वतःच्या हॉल ऑफ फेममध्ये २०१५ पासून आहे. कूपर्सटाउनच्या मुख्य हॉल ऑफ फेममध्ये अजून नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये हुआन सोतोने न्यूयॉर्क मेट्सशी १५ वर्षांचा ७६५ दशलक्ष डॉलरचा करार केला. आउटफिल्डरच. कुठे खेळायचं ते त्याने स्वतः ठरवलं, क्लब रांग लावून त्याच्याकडे आले. मला सोतोचा अजिबात हेवा वाटत नाही, आनंदच वाटतो. फ्लडला नेमकं हेच हवं होतं. रक्कम नव्हे, विचारलं जाणं.

---

न्यूजर्सीची_आई

उशिरा लिहितेय. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, लिटल लीगमध्ये सेंटर फील्ड खेळतो. गेल्या महिन्यात त्याच्या डोक्यावरून एक चेंडू गेला आणि संघ हरला. तेव्हापासून सरावाला जायचं नाही म्हणत होता. धागा वाचल्यावर काल रात्री मी त्याला फ्लडबद्दल सांगितलं, खटल्याचं नाही, फक्त खेळाचं. २२६ सामन्यांचं ऐकून त्याचे डोळे मोठे झाले. मग नॉर्थरपच्या त्या चेंडूची चित्रफीत शोधून दोघांनी पाहिली. जुनी, धूसर आहे. त्याने ती चारदा मागे नेली.

मग म्हणाला, "आई, तो घसरलाय. आणि चेंडू जोरात मारलाय. यात त्याची काय चूक?"

आज सकाळी ग्लव्ह घेऊन गेला.

---

मिसिसिपीकाठी

उद्या ऑफिसात हे माझ्या सहकाऱ्याला वाचून दाखवतो, इंग्रजीत करून.